ऋतुस्रावासाठी अंतर्वस्त्राची निवड

१. प्रश्नाचे स्वरूप

उत्तर प्रदेशाच्या झाशी जिल्ह्यात टहरौली हे तहसिलीचे ठिकाण आहे. सभोवारचा प्रदेश बुंदेलखंडाचा. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि उन्हाळा अत्यंत कडक. मे महिन्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. झाशीचे नेवाळकर घराणे सर्वांस ठाऊक आहे, आणि शेजारचे गुरसराय हेही एके काळी मराठी जहागिरीचे ठाणे होते. हवापाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर मराठवाडा व विदर्भ यांतील कित्येक तालुके टहरौलीची भावंडेच शोभतील.

अशा गावी राहणाऱ्या स्त्रीपुढे दरमहा एक प्रश्न उभा राहतो. ऋतुस्रावाच्या दिवसांत ती शाळेत जाते, शेतात वाकून काम करते, दाटीच्या मोटारगाडीतून जिल्ह्याच्या गावी जाते आणि रात्री घरच्या सर्वांबरोबर झोपते. या सर्व वेळी स्राव शोषला जावा, कपड्यास डाग पडू नये, कातडी सोलली जाऊ नये, आणि वापरलेली वस्तू कोठे टाकावी याची विवंचना नसावी, एवढेच तिचे मागणे असते. घडी, पॅड आणि आता एकदा वापरून टाकून देण्याची चड्डी अशा अनेक वस्तू तिच्यापुढे ठेवल्या जातात. त्यांपैकी शेवटची वस्तू दुकानात ‘पिरियड पँटी’ या नावाने मिळते. ती कशी बनते, कोणास उपयोगी पडते आणि ती घेताना काय पाहावे, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. ‘कावळा शिवला’ किंवा ‘ती बाहेर बसली आहे’ असे आडवळणाने सांगितले जाते. परंतु मराठी भाषेला शरीरविषयक स्पष्ट लेखन नवीन नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक याच भूमिकेने चालविले. जी गोष्ट उघड बोलता येत नाही, तिची निवडही उघडपणे करता येत नाही. मग दुकानदार काळ्या पिशवीत गुंडाळून देईल ते मुकाट्याने घ्यावे लागते.

२. स्राव किती असतो?

कोणतेही भांडे विकत घेताना त्यात किती द्रव भरावयाचा आहे, हे आपण आधी पाहतो. येथेही तोच न्याय लावावा.

गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्यास जाड होते. गर्भधारणा झाली नाही, तर संप्रेरकांचे प्रमाण उतरते, अस्तर सुटते आणि रक्तासह बाहेर पडते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचा काळ प्रौढ स्त्रीत सामान्यतः २४ ते ३८ दिवसांचा असतो. स्राव आठ दिवसांपर्यंत चालू शकतो. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींत हे अंतर पहिली काही वर्षे अनियमित असते.

एका पाळीत जाणारे रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते. ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जात असेल, तर वैद्यकशास्त्र त्यास अतिस्राव म्हणते. बाहेर पडणारा सर्व द्रव रक्त नसतो. त्यात श्लेष्मा, अस्तराचे तुकडे व इतर द्रव मिसळलेले असतात. रक्ताचा वाटा साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून एका पाळीतील एकूण द्रव ढोबळमानाने ६० ते ८० मिलिलिटर धरावा. त्यातील बहुतेक भाग पहिल्या तीन दिवसांत जातो.

या आकड्यांवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सामान्य स्त्रीस एका रात्री जी वस्तू लागते, तिने फार तर काही दशक मिलिलिटर द्रव धरावा, एवढे पुरे आहे. शेकडो मिलिलिटर पाणी शोषण्याची प्रौढी वेष्टनावर छापलेली असली, तरी तिच्यासाठी जास्त दाम मोजण्याचे कारण नाही. स्राव वाहून डाग पडतो तो बहुधा शोषणशक्ती अपुरी असते म्हणून नव्हे, तर वस्तू जागेवरून सरकते म्हणून. चड्डीच्या रूपातील वस्तूचा खरा लाभ येथेच आहे.

३. घडीपासून चड्डीपर्यंत

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जुन्या सुती लुगड्याची घडी वापरली गेली. सुती कापड मऊ असते, ते हवा खेळू देते आणि त्यास वेगळा पैसा पडत नाही. घडी स्वच्छ पाण्यात साबणाने धुऊन उघड्या उन्हात वाळविली, तर ती आरोग्यास अपायकारक नाही. दोष कापडात नसून लपवालपवीत आहे. लाजेमुळे घडी अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. ती ओलसर राहते व तिच्यात बुरशी आणि जंतू वाढतात. जेथे पाणीच दुर्मिळ, तेथे ती नीट धुतलीही जात नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा दिवसांत घडी धुण्यास पाणी कोठून काढावे, हा प्रश्न कोणत्याही टंचाई-अहवालात लिहिलेला नसतो. तो घरातील स्त्रीने निमूटपणे सोडवावयाचा असतो.

एकदा वापरून टाकावयाच्या पॅडचा उगम पहिल्या महायुद्धात आहे. जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या तंतूंपासून कापसासारखा शोषक पदार्थ तयार करण्यात आला होता. परिचारिकांनी त्याचा उपयोग पाळीच्या दिवसांत करून पाहिला, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत त्यापासून केलेले पॅड विक्रीस आले. पुढे त्यास चिकटपट्टी लागली, नंतर बाजूचे पंख लागले. टाकून देण्याची चड्डी ही या मालिकेतील अलीकडची पायरी होय. पॅड आणि चड्डी एकजीव केली, म्हणजे पॅड सरकण्याचे कारणच उरत नाही.

भारतातील २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांना त्या काय वापरतात, असे विचारले होते. ६४ टक्के स्त्रियांनी बाजारातील पॅड, ५० टक्के स्त्रियांनी कापड आणि १५ टक्के स्त्रियांनी स्थानिक रीतीने तयार केलेले पॅड असे उत्तर दिले. बेरीज शंभरावर जाते, कारण पुष्कळ स्त्रिया प्रसंगाप्रमाणे दोन्ही वापरतात. ही व्यवहारातील शहाणीव आहे. निवड म्हणजे एकाच वस्तूशी कायमची बांधिलकी नव्हे, हे या आकड्यांवरून दिसते.

४. चड्डीची रचना

टाकून देण्याची चड्डी उकलून पाहिली, तर तिच्यात पुढील थर दिसतात.

पहिला थर कातडीला लागणारा. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचा असतो. हे तंतू स्वतः पाणी शोषीत नाहीत. द्रव त्यांच्यामधील फटींतून खाली उतरतो व वरचा पृष्ठभाग बराचसा कोरडा राहतो. काही उत्पादक येथे सुती तंतू वापरतात.

दुसरा थर पसरविणारा. एकाच ठिकाणी पडलेला द्रव केशाकर्षणाने लांबीच्या दिशेने पसरविणे हे त्याचे काम. दिव्याच्या वातीत तेल ज्या तत्त्वाने चढते, तेच तत्त्व येथे उपयोगी पडते.

तिसरा थर शोषक गाभ्याचा. त्यात लाकडाच्या लगद्याचे फुलवलेले तंतू आणि अतिशोषक बहुवारिकाचे कण मिसळलेले असतात. हे बहुवारिक म्हणजे बहुधा सोडियम पॉलिअक्रिलेट. अतिशोषक पदार्थांचे एक आरंभीचे संशोधन १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत, मक्याच्या पिठूळ द्रव्याला नवे उपयोग शोधण्याच्या प्रयत्नांतून झाले.

चौथा थर बाहेरचा. तो पॉलिथिलीनच्या पातळ पटलाचा असतो. साधे पटल हवा अडविते व घाम कोंडते. म्हणून चांगल्या प्रतीच्या मालात या प्लॅस्टिकमध्ये खडूच्या भुकटीसारखे कॅल्शियम कार्बोनेट मिसळून ते ताणतात. ताणल्यामुळे कणांभोवती अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते, परंतु द्रव पाणी जाऊ शकत नाही.

यांखेरीज कमरेस व मांड्यांस ताणले जाणारे लवचीक धागे असतात, आणि मांडीच्या कडेला आतून उभ्या राहणाऱ्या दोन झालरी असतात. कुशीवर झोपल्यावर स्राव बाजूने वाहू नये, यासाठी या झालरी बांधासारखे काम करतात.

५. एक सोपा प्रयोग

अतिशोषक पदार्थाचे वर्तन शाळेत सहज पाहता येईल. एखादा न वापरलेला पॅड किंवा लहान मुलाचा लंगोट कापून त्यातील बारीक पांढरे कण निवडावे. दोन पेल्यांत समान चिमूटभर कण घालावे. पहिल्या पेल्यात पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी हळूहळू ओतावे. दुसऱ्यात २०० मिलिलिटर पाण्यात सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा भाग मीठ विरघळवून केलेले द्रावण तसेच ओतावे. पहिल्या पेल्यातील कण फुगून लगदा होतील. दुसऱ्यातील कण त्यामानाने बरेच कमी फुगतील. आता पहिल्या पेल्यातील फुगलेल्या लगद्यावर मीठ टाकून ढवळावे. त्याने धरलेले पाणी सुटू लागलेले दिसेल. कोरडे कण डोळ्यांत किंवा नाकात जाऊ देऊ नयेत, आणि शेवटी ते मोरीत न ओतता कचऱ्यात टाकावे.

याचे कारण असे. बहुवारिकाच्या साखळ्या एकमेकींस जाळ्याप्रमाणे बांधलेल्या असतात व त्यांच्यात सोडियमचे आयन असतात. जाळ्याच्या आत आयन पुष्कळ व बाहेर थोडे, म्हणून पाणी तर्षणाने आत ओढले जाते. बाहेरच्या पाण्यातच मीठ असेल, तर आत-बाहेरचा फरक कमी होतो व ओढ मंदावते. शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट द्रव घेणारा हा पदार्थ शरीरातील द्रवाइतक्या खारट पाण्यात काही दशक पटच घेतो. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियमही असाच अडथळा करते. रक्तात तर क्षारांबरोबर प्रथिने व पेशी असतात. रक्त पाण्यापेक्षा दाट असते व कणांमध्ये सावकाश शिरते.

यावरून ध्यानात यावे की, पाण्याने केलेली परीक्षा रक्ताची हमी देत नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील संशोधकांनी २०२३ साली २१ वस्तूंची परीक्षा पाण्याऐवजी मानवी रक्ताच्या तांबड्या पेशी वापरून केली. त्यात आत बसविण्याच्या चकतीने सरासरी सुमारे ६१ मिलिलिटर, तर धुऊन वापरायच्या चड्डीने केवळ २ मिलिलिटरच्या आसपास रक्त धरले. ती चड्डी कापडी थरांची होती. टाकून देण्याच्या चड्डीची रचना वेगळी असल्याने तो आकडा तिला लावता येणार नाही. मात्र ‘चड्डी’ या एकाच नावाखाली अगदी भिन्न शक्तीच्या वस्तू विकल्या जातात, हे त्यावरून स्पष्ट होते.

पॅडसाठी भारतीय मानक आहे. त्याच्या १९८० च्या आवृत्तीतील परीक्षा समजण्यास सोपी होती. पॅडच्या मध्यावर मिनिटास १५ मिलिलिटर या वेगाने ३० मिलिलिटर द्रव सोडावयाचा, नंतर त्यावर १ किलोग्रॅम वजन एक मिनिट ठेवावयाचे, आणि खालून किंवा बाजूने द्रव दिसता कामा नये. हे मानक २०१९ साली सुधारण्यात आले. २०२१ साली धुऊन पुन्हा वापरायचे पॅड व चड्ड्या यांसाठीही वेगळे मानक निघाले. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह वेष्टनावर असल्यास ते प्रथम पाहावे.

६. निवड कशी करावी?

पहिली कसोटी मापाची. लहान, मध्यम, मोठे ही नावे प्रत्येक उत्पादकाची निराळी असतात. म्हणून नावावर न जाता कंबर व नितंब यांचे माप शिवणकामाच्या फितीने सेंटिमीटरमध्ये घ्यावे आणि वेष्टनावरील तक्त्याशी ताडून पाहावे. दोन मापे दोन निरनिराळ्या आकारांत पडत असतील, तर नितंबाचे माप प्रमाण मानावे. चड्डी घातल्यावर उकिडवे बसावे, वाकावे व चार पावले चालावे. मांडीची कड उचलली जात असेल, तर ती सैल आहे. लवचीक कडेखाली दोन बोटे सहज शिरत नसतील, किंवा तासाभराने कातडीवर तांबडे वळ उमटत असतील, तर ती घट्ट आहे. घट्ट चड्डी अधिक सुरक्षित असते, ही समजूत चुकीची होय. कातडी घासली गेली, की जंतूंना वाट मिळते.

दुसरी कसोटी हवेची. टहरौलीसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात ही कसोटी सर्वांत महत्त्वाची समजावी. चड्डीचा बाहेरचा थर कमरेपासून मांडीपर्यंत सबंध प्लॅस्टिकचा असेल, तर घामोळे, खाज व बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. प्लॅस्टिक पटल फक्त शोषक गाभ्याखाली असावे व बाजूचा भाग न विणलेल्या हवेशीर कापडाचा असावा. एका सोप्या युक्तीने हे तपासता येते. पेल्यात गरम पाणी घेऊन त्याच्या तोंडावर चड्डीचा बाहेरचा थर ताणून धरावा आणि वर थंड आरसा धरावा. आरशावर वाफ जमली, तर थर श्वास घेणारा आहे असे समजावे.

तिसरी कसोटी सुगंधाची. सुवासिक माल घेऊ नये. सुगंधी द्रव्यांमुळे नाजूक कातडीला दाह होऊ शकतो, आणि ताज्या स्रावाला झाकण्याजोगी दुर्गंधीही नसते. दुर्गंधी येते ती वस्तू फार वेळ न बदलल्याने. वेळेवर बदलणे हाच तिच्यावरचा उपाय.

चौथी कसोटी काढण्याच्या सोयीची. चांगल्या चड्डीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी हाताने फाडता येतात. त्यामुळे ती पायांतून खाली ओढावी लागत नाही व पाय किंवा परकर माखत नाही. जेथे संडास अरुंद व अंधारा असतो, तेथे ही सोय फार मोलाची आहे.

पाचवी कसोटी किमतीची. जनऔषधी केंद्रांतून २७ ऑगस्ट २०१९ पासून पॅड एक रुपयास एक या दराने देण्यास आरंभ झाला. पाच दिवसांत १५ ते २० पॅड लागतात असे धरले, तर त्या दराने एका पाळीचा खर्च १५ ते २० रुपये येतो. चड्डीची किंमत त्याच्या कित्येक पट असते. वर्षात सुमारे १३ पाळ्या येतात. म्हणून एका पाळीत जितक्या चड्ड्या लागतील त्या संख्येस एका चड्डीच्या किमतीने व नंतर १३ ने गुणावे, म्हणजे वर्षाचा बोजा कळेल. हा गुणाकार केल्यावर बहुतेक कुटुंबांस असे आढळेल की, चड्डी रोजच्या वापरासाठी नसून निवडक प्रसंगांसाठी घ्यावी.

ते प्रसंग कोणते? जोराच्या पहिल्या दोन रात्री. परीक्षेचा किंवा लांबच्या प्रवासाचा दिवस. आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळल्याचे दिवस. आणि विशेषतः बाळंतपण. प्रसूतीनंतरचा स्राव चार ते सहा आठवडे चालतो व पहिल्या काही दिवसांत जोराचा असतो. दवाखान्यातून घरी येणाऱ्या बाळंतिणीस, जिला वाकणे व सावरणे कठीण जाते, सैलशी व हवेशीर चड्डी मोठा आधार देते. इतर दिवशी साधा पॅड किंवा उन्हात वाळविलेली घडी पुरेशी आहे.

७. वापर आणि विल्हेवाट

हात धुऊन मगच चड्डी घालावी व काढल्यावरही हात धुवावे. दिवसा चार ते सहा तासांनी बदलावी. रात्री झोपेच्या सात-आठ तासांपुरती एक पुरते. ‘अजून भरली नाही’ म्हणून दिवसभर तीच ठेवणे ही खोटी काटकसर आहे. शोषलेला द्रव ऊब व ओल धरून ठेवतो, आणि कातडी मऊ पडून सोलली जाते. धुताना साध्या पाण्याने पुढून मागे धुवावे. आत साबण किंवा जंतुनाशक घालू नये.

वापरलेली चड्डी संडासात कधीही टाकू नये. तिच्यातील अतिशोषक कण पाण्याने फुगतात व नळ तुंबतो. शोषखड्ड्याचा संडास असेल, तर खड्डा लवकर भरतो. ती उघड्यावर जाळणेही योग्य नाही. ओला लगदा नीट जळत नाही, प्लॅस्टिक मात्र अर्धवट जळून विषारी धूर देते. पुढच्या बाजूकडून मागे अशी घट्ट गुंडाळी करून, ती कागदात बांधून, वेगळ्या कचऱ्यात द्यावी, हाच मार्ग बरा.

ही गुंडाळी कोणाच्या तरी हातात पडणार असते, याचा विसर पडू नये. पुण्यात २००८ पासून काम करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने हा प्रश्न लोकांपुढे मांडला. ज्या स्त्रिया घरोघरचा कचरा हातांनी निवडतात, त्यांना उघडे पॅड व लंगोट हाताळावे लागत. म्हणून पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे आत काय आहे हे न उघडता कळेल, असा साधा संकेत रूढ करण्याचा प्रयत्न झाला. ठिपका काढण्यास एक पैसाही लागत नाही. लागतो तो दुसऱ्या स्त्रीच्या हातांचा विचार. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर वेष्टन किंवा पिशवी पुरविण्याचे बंधनही घातले होते.

चड्डीत प्लॅस्टिकचा अंश पॅडपेक्षा अधिक असतो, कारण कंबर व बाजूही त्याचीच असते. ‘विघटनशील’ असे शब्द वेष्टनावर असले, तरी गाभ्यातील बहुवारिक, लवचीक धागे व डिंक यांचाही त्यात समावेश आहे काय, हे विचारावे. ज्या गावी असा कचरा उचलून नेण्याची व्यवस्था नाही, तेथे चड्डीचा वापर जितका निवडक राहील तितका बरा. यासाठीही गरजेपुरतीच ती घेणे शहाणपणाचे.

८. वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

शोषक वस्तू जितकी उत्तम, तितका स्राव नजरेआड राहतो. ही तिची सोय आहे व धोकाही आहे. म्हणून स्त्रीने आपली मोजदाद सोडू नये. लागोपाठ काही तास दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, स्राव आठ दिवसांपलीकडे जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, किंवा पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, ही लक्षणे असल्यास डॉक्टरांकडे जावे. बाळंतिणीचा पॅड तासाभरात भिजत असेल, तर क्षणाचाही विलंब करू नये.

२०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. अतिस्राव हे त्यांतील एक. जी मुलगी जिना चढताना धापा टाकते व पाळीच्या दिवसांत चार-चारदा कपडे बदलते, तिला अधिक जाड चड्डी आणून देणे हा उपाय नव्हे. तिचे रक्त तपासणे हा उपाय होय.

९. वस्तूने न सुटणारे प्रश्न

शेवटी या विषयाची मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी सहस्रावधी कुटुंबे ऊसतोडणीस जातात. नवराबायकोच्या जोडीचा एक कोयता धरला जातो, उचल आधी घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला, तरी पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाणी नाही. २०१९ साली या स्त्रियांतील गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा विधिमंडळापर्यंत पोहोचली व राज्य शासनाने चौकशी-समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास व कामाचा खाडा यांतून सुटका व्हावी, ही भावना त्यामागच्या कारणांपैकी एक होती.

या स्त्रियांना उत्तम प्रतीची चड्डी मिळाली असती, तर काही तासांची सोय झाली असती. परंतु ती बदलण्यास आडोसा, हात धुण्यास पाणी आणि दुखत असताना बसण्याची मुभा, ही कोणत्याही वेष्टनात बांधून मिळत नाही. शासनाने या दिशेने काही पावले टाकली आहेत. २०११ साली केंद्र शासनाने ग्रामीण किशोरींना आशा कार्यकर्त्यांमार्फत सहा पॅडचे पाकीट सहा रुपयांस देण्याची योजना आखली. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजनेचा आरंभ होऊन जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांस देण्याचे ठरले होते. त्याच वर्षी जुलै महिन्यात पॅडवरील वस्तू व सेवा कर उठविण्यात आला. अशा योजना येतात व जातात. शाळेतील संडासाला कडी असणे, आत पाण्याचा नळ व झाकणाची टोपली असणे, या गोष्टी मात्र प्रत्येक गावाला स्वतः करता येण्याजोग्या आहेत.

तेव्हा निवडीचा क्रम असा राहावा. प्रथम पाणी, आडोसा व उन्हात वाळविण्याचे धैर्य. नंतर आपल्या स्रावाची ओळख. त्यानंतर रोजच्यासाठी साधी, स्वस्त व स्वच्छ वस्तू. आणि शेवटी अवघड रात्रीसाठी, प्रवासासाठी किंवा बाळंतपणासाठी माप पाहून घेतलेली हवेशीर चड्डी. टहरौलीच्या कन्येस काय, किंवा गेवराईच्या कन्येस काय, हा क्रम सारखाच लागू आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. शुद्ध पाण्यात व मिठाच्या पाण्यात अतिशोषक कण सारखे का फुगत नाहीत?
२. न विणलेल्या कापडाचे तंतू पाणी शोषीत नसताना त्यातून द्रव खाली कसा उतरतो?
३. आपल्या गावातील दरांवरून पॅड व चड्डी यांचा वार्षिक खर्च काढून तुलना करा.
४. आपल्या शाळेतील मुलींच्या संडासात पाणी, कडी व झाकणाची टोपली आहे काय? नसल्यास ती मिळविण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागेल, याची माहिती काढून अर्जाचा मसुदा लिहा.